हृदयाची उपकरणं शोधली कशी जातात? आणि टेंभुर्णीसारख्या गावापर्यंत ती पोहोचतात कशी?

जालना जिल्ह्यातल्या जाफ्राबाद तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. (सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे ते टेंभुर्णी वेगळं.) समजा, इथे रात्री अकरा वाजता पन्नाशीच्या एका माणसाच्या छातीत कळ येते. घरचे आधी म्हणतात, गॅस झाला असेल. ओवा दिला जातो, सोडा दिला जातो. अर्धा तास जातो. मग घाम फुटतो, डावा हात जड होतो आणि गाडीची शोधाशोध सुरू होते.

पुढचे काही तास या माणसाचा जीव डॉक्टरांच्या हातात असेल, तसाच तो काही वस्तूंवरही अवलंबून असेल. ईसीजीचं यंत्र, शॉक देणारं यंत्र, केसासारखी बारीक तार, एक फुगा आणि स्प्रिंगसारखी दिसणारी धातूची जाळी.

या वस्तू कुणी शोधल्या? त्यात मुंबई, पुणे आणि बाकी भारताचा वाटा काय? आणि प्रयोगशाळेत तयार झालेली वस्तू खेड्यातल्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत नेमकं काय काय घडावं लागतं? समजून घेऊया.

आधी हृदय समजून घेऊ

हृदय म्हणजे एक पंप. शेतातल्या मोटारीशी तुलना केली तर गोष्ट सोपी होते. मोटारीत तीन प्रकारचे बिघाड होऊ शकतात.

पहिला, पाइप तुंबणं. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांमध्ये चरबीचा थर साचतो आणि त्यावर अचानक रक्ताची गुठळी बसते. हा हार्ट अटॅक. यावर उपाय म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, फुगा, स्टेंट किंवा बायपास.

दुसरा, वायरिंगमधला बिघाड. हृदयाचे ठोके विजेच्या सूक्ष्म संदेशांवर चालतात. ते विस्कळीत झाले तर हृदय नुसतं थरथरतं, पंप करत नाही. हा कार्डिअॅक अरेस्ट. इथे शॉक देणारा डिफिब्रिलेटर लागतो. ठोके फार मंद झाले तर पेसमेकर.

तिसरा, व्हॉल्व्ह खराब होणं. हृदयात चार झडपा असतात. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर होणाऱ्या संधिवाताच्या तापाने त्या खराब होतात. त्यासाठी कृत्रिम झडप.

हार्ट अटॅक आणि कार्डिअॅक अरेस्ट एकच नाहीत, हे लक्षात ठेवा. अटॅकमध्ये माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, बोलतो. अरेस्टमध्ये तो कोसळतो आणि श्वास थांबतो. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो.

सुरुवात एका बंडखोर डॉक्टरपासून

१९२९ पर्यंत जिवंत माणसाच्या हृदयात नळी घालणं म्हणजे त्याला मारणं, असाच समज होता. जर्मनीतल्या एबर्सवाल्ड इथल्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर होता. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. त्याने लघवीसाठी वापरायची पातळ नळी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून सरकवली, जिने उतरून एक्स-रे विभागात गेला आणि नळीचं टोक हृदयात असल्याचा फोटो काढून घेतला. कौतुक तर दूरच, टीका वाट्याला आली. १९५६ मध्ये मात्र याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं.

पुढची पायरी १६ जानेवारी १९६४ ची. अमेरिकेत पोर्टलंड इथे ८२ वर्षांच्या एका बाईंचा पाय रक्तपुरवठ्याअभावी सडू लागला होता. पाय कापायला त्या तयार नव्हत्या. चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवून तुंबलेली धमनी आतूनच रुंद केली. पाय वाचला. चिरफाड न करता रक्तवाहिनी उघडता येते, हे पहिल्यांदा दिसलं.

पण जाड नळी हृदयाच्या नाजूक धमनीत कशी घालणार? उत्तर अँड्रियास ग्रुंट्झिग यांनी शोधलं. बारीक नळी आत न्यायची आणि तिच्या टोकावरचा फुगा जागेवर गेल्यावर फुगवायचा. कल्पना सोपी, पण फुगा हवा तेवढाच फुगून थांबला पाहिजे. नाहीतर धमनी फाटेल. झुरिकमध्ये दवाखान्याचं काम संपल्यावर ते घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, पत्नी आणि सहकाऱ्यांच्या मदतीने प्लास्टिकच्या नळ्या तापवून फुगे बनवत. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी पहिल्यांदा जागेपणी एका रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला. ही पहिली अँजिओप्लास्टी.

फुग्यानंतर जाळी का लागली?

फुग्याने उघडलेली धमनी अनेकदा पुन्हा आकसायची. साधारण तीनपैकी एका रुग्णात काही महिन्यांत पुन्हा अडथळा तयार व्हायचा. म्हणजे विहीर खोदली, पण बांधकाम केलं नाही, तर कडा ढासळणारच. धमनीला आतून आधार हवा होता.

१९८६ मध्ये फ्रान्समध्ये जॅक प्युएल आणि स्वित्झर्लंडमध्ये उलरिक सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिले स्टेंट बसवले. त्याच काळात मूळचे अर्जेंटिनाचे हुलिओ पाल्माझ अमेरिकेत दुसऱ्या प्रकारच्या जाळीवर काम करत होते. भिंतीला गिलावा करताना वापरतात त्या पत्र्याच्या जाळीवरून त्यांना आकार सुचला. पैसे कुणी देईना, तेव्हा एका रेस्टॉरंट मालकाने गुंतवणूक केली. १९९४ मध्ये अमेरिकेत या स्टेंटला मंजुरी मिळाली.

तरीही जाळीच्या आत पेशींची वाढ होऊन धमनी पुन्हा अरुंद व्हायची. मग जाळीवर औषधाचा लेप आला. हे औषध हळूहळू पाझरतं आणि पेशींची वाढ रोखतं. २००३ मध्ये अमेरिकेत असा पहिला स्टेंट मंजूर झाला. आज बहुतेक रुग्णांना हाच बसवला जातो.

एक गोष्ट इथे दिसते. प्रत्येक शोध आधीच्या शोधाने तयार केलेल्या नव्या अडचणीतून जन्मला.

केईएममधला सापाच्या हृदयाचा प्रयोग

आता मुंबईत येऊ. परळचं केईएम रुग्णालय १९६० च्या दशकात हृदयशस्त्रक्रियेच्या जगात चर्चेत होतं, ते डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांच्यामुळे. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी त्यांनी इथे भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. जगातलं पहिलं प्रत्यारोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. पण त्याआधीचा त्यांचा एक प्रयोग फारसा कुणाला माहीत नाही.

साप आणि इतर काही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला बरंचसं रक्त हृदयाच्या पोकळीतूनच थेट, बारीक वाटांनी मिळतं. सेन यांना प्रश्न पडला, की माणसाची धमनी तुंबली असेल, तर स्नायूला सुईने बारीक छिद्रं पाडून अशाच वाटा करता येतील का? डॉ. तेहेमटन उदवाडिया, डॉ. किनरे आणि डॉ. परुळकर यांच्यासोबत त्यांनी १९६५ मध्ये यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तेव्हा बायपास शस्त्रक्रिया रुळलेली नव्हती आणि फुग्याची अँजिओप्लास्टी १२ वर्षं दूर होती.

सुईने केलेल्या वाटा बुजायच्या. पुढे परदेशात त्याच कामासाठी लेझर वापरला गेला आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्या यंत्रांना मंजुरीही मिळाली. मात्र लेझरने केलेल्या वाटाही बहुतांशी बुजतात, असं नंतर आढळलं. नळीतून लेझर वापरण्याच्या पद्धतीची तुलना खोट्या, म्हणजे फक्त केल्यासारखं दाखवलेल्या उपचाराशी झाली, तेव्हा दोन्ही गटांतल्या रुग्णांना सारखंच बरं वाटलं. आज ही पद्धत जवळपास मागे पडली आहे.

मग हा शोध वाया गेला का? कल्पना सुचणं, ती प्राण्यांवर तपासणं, रुग्णांवर वापरणं आणि ती खरंच उपयोगी आहे हे सिद्ध होणं, या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. परळमध्ये पहिल्या पायऱ्या चढल्या गेल्या, शेवटच्या पायरीचा निकाल यायला तीस-पस्तीस वर्षं लागली. उपकरणांच्या इतिहासात असे निकाल यशोगाथांइतकेच महत्त्वाचे असतात.

तीनदा हरलेली झडप

भारतीय शोधाचं सर्वांत ठोस उदाहरण मात्र तिरुवनंतपुरमचं आहे. तिथल्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी १९७० च्या दशकात कृत्रिम झडप बनवायला घेतली. कारण सरळ होतं. झडपांचा आजार प्रामुख्याने गरीब घरातल्या तरुणांना होत होता आणि परदेशी झडप त्यांच्या आवाक्याबाहेर होती.

झडप बनवणं किती अवघड, याचा हिशेब करा. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर झडप वर्षाला सुमारे ३ कोटी ८० लाख वेळा उघडते आणि मिटते. ती गंजता कामा नये, झिजता कामा नये, तिच्यावर रक्त साकळता कामा नये. म्हणून आज यांत्रिक झडपेची चाचणी यंत्रावर ४० कोटी वेळा उघडझाप करून घेतली जाते. म्हणजे साधारण दहा वर्षांचं काम.

चित्रा झडपेची पहिली तीन मॉडेलं वेगवेगळ्या कारणांनी बाद झाली. कधी धातूचा जोड तुटला, तर कधी हिऱ्याखालोखाल कठीण अशा कृत्रिम नीलमणी स्फटिकाची चकतीही टिकली नाही. चौथ्या मॉडेलमध्ये टीमने उलटा विचार केला. कठीण चकतीऐवजी अतिशय चिवट प्लास्टिकची चकती आणि कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची चौकट. ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली. पुढे टीटीके समूहाने तिचं उत्पादन केलं आणि आतापर्यंत एक लाखाहून अधिक रुग्णांना ती बसवली गेली आहे.

इतकी वर्षं चाचणीत घालवायची गरज होती का? याचं उत्तर याच काळातल्या एका परदेशी झडपेने दिलं. ब्यॉर्क-शायली झडपेच्या एका मॉडेलची दांडी रुग्णांच्या शरीरातच तुटू लागली. सुमारे ८६ हजार रुग्णांना बसवल्यानंतर, १९८६ मध्ये ते बाजारातून काढावं लागलं. ६०० हून अधिक झडपा तुटल्या आणि त्यातले बहुतेक रुग्ण दगावले. प्रयोगशाळेत तुटलेली झडप फक्त वेळ खाते. शरीरात तुटलेली झडप जीव घेते.

वस्तू आहे, पण परवडते का?

१९९० च्या दशकात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि हैदराबादचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी मिळून स्वस्त भारतीय स्टेंट तयार केला. तो ‘कलाम-राजू स्टेंट’ म्हणून ओळखला जातो. त्यानंतर सुरत, वापीसारख्या ठिकाणी देशी कंपन्या मोठ्या प्रमाणावर स्टेंट बनवू लागल्या.

तरीही रुग्णाच्या बिलातला आकडा खाली आला नाही. औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची छापील किंमत सरासरी सव्वा लाखाच्या आसपास होती. दिल्लीतल्या एका वकिलाने जनहित याचिका केली. २०१६ मध्ये स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आला आणि १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध दर नियंत्रण प्राधिकरणाने कमाल किंमत ठरवली. साध्या स्टेंटसाठी ७,२६० रुपये आणि औषधाच्या लेपाच्या स्टेंटसाठी २९,६०० रुपये, कर वेगळा. तेव्हापासून हे दर महागाईच्या निर्देशांकानुसार वेळोवेळी बदलतात.

स्टेंट बनवण्याचा खर्च आणि रुग्ण देत असलेली किंमत यांत मोठी दरी होती. सर्वाधिक नफा रुग्णालयांच्या टप्प्यावर होत असल्याचं प्राधिकरणाच्याच आकडेवारीतून पुढे आलं. म्हणजे एक एकर जमिनीवर घेतलेलं कर्ज फिटेल की नाही, हे काही वेळा शोधावर नाही, तर दराच्या एका आदेशावर ठरतं.

पुण्याचा हँडलवाला डिफिब्रिलेटर

आता वीज गेली असेल तर? मराठवाड्यात हा प्रश्न कुणाला समजावून सांगायला नको.

कार्डिअॅक अरेस्ट झाल्यावर छाती दाबणं आणि शॉक, दोन्ही मिळालं नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. पुण्यातल्या जीवट्रॉनिक्स या कंपनीचे अनिरुद्ध अत्रे आणि आशिष गावडे यांनी यावर एक वेगळा डिफिब्रिलेटर बनवला. नाव ‘सनमित्र’. तो विजेवर चालतो आणि वीज नसेल तर हँडल फिरवूनही चालतो.

तुम्ही म्हणाल, बॅटरी आहे की! हिशेब पाहा. एका शॉकसाठी साधारण २०० जूल ऊर्जा लागते. मोबाइलच्या पूर्ण चार्ज बॅटरीत याच्या तीनशे पटींहून जास्त ऊर्जा असते. मग अडचण कुठे? अडचण ऊर्जेची नाही, देखभालीची आहे. डिफिब्रिलेटर महिनोन्महिने कपाटात पडून असतो. बॅटरी उन्हाळ्यात खराब होते, काही वर्षांनी बदलावी लागते, ती महाग असते. आणि ती मेली आहे हे अनेकदा रुग्ण समोर आल्यावरच कळतं.

हाताने हँडल फिरवून माणूस सहज ५० वॅटच्या आसपास वीज तयार करू शकतो. म्हणजे २०० जूलसाठी चार सेकंद. वाया जाणारी ऊर्जा धरली तरी काही सेकंदांचंच काम. ही ऊर्जा कपॅसिटरमध्ये साठते आणि काही मिलिसेकंदांत छातीतून जाते. थरथरणारं हृदय क्षणभर थांबतं आणि पुन्हा आपल्या तालावर येण्याची संधी त्याला मिळते.

यातलं तंत्र जुनंच आहे. पण ‘बॅटरी चांगली कशी करू’ याऐवजी ‘बॅटरी नसेल तर काय’ हा प्रश्न विचारणं, हा खरा शोध.

आज उपकरण बनवायचं तर रस्ता कसा असतो?

१. गरज ओळखणं. आयआयटी मुंबईत २०१४ मध्ये राज्य सरकारच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने ‘बेटिक’ हे केंद्र सुरू झालं. इथे इंजिनिअर आधी रुग्णालयात जाऊन डॉक्टरांच्या अडचणी पाहतात. हृदयाचे आवाज मोठे करून ऐकवणारा आणि रेकॉर्ड करणारा डिजिटल स्टेथोस्कोप याच वाटेने आला.

२. नमुना आणि प्रयोगशाळेतली चाचणी. साहित्य शरीराला घातक नाही ना, किती टिकतं, हे तपासलं जातं.

३. प्राण्यांवर आणि मग माणसांवर चाचणी. यासाठी नैतिकता समितीची परवानगी आणि रुग्णाची लेखी संमती लागते. फोर्समानसारखं परस्पर करून टाकणं आज चालत नाही, आणि चालू नये.

४. परवाना. भारतात १ जानेवारी २०१८ पासून वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत. धोक्यानुसार चार गट असतात. स्टेंट आणि झडप सर्वाधिक धोक्याच्या गटात येतात आणि त्यांचा परवाना केंद्रीय यंत्रणा देते.

५. विक्रीनंतरचं लक्ष. हे सर्वांत दुर्लक्षित. शरीरात विरघळणाऱ्या एका गाजलेल्या स्टेंटला २०१६ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि गुठळीचा धोका जास्त दिसल्याने २०१७ मध्ये कंपनीने त्याची विक्रीच थांबवली.

मग टेंभुर्णीतल्या त्या माणसाचं काय?

स्टेंट कितीही स्वस्त झाला, तरी तो बसवायला कॅथलॅब लागते, आणि ती शहरात असते. म्हणून खेड्यासाठी पहिला उपचार वेगळा आहे. जवळच्या रुग्णालयात लगेच ईसीजी, तो मोबाइलवरून तज्ज्ञाकडे आणि निदान पक्कं झालं तर तिथेच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. मग पुढचा प्रवास. राज्यात ‘स्टेमी महाराष्ट्र’ हा उपक्रम याच पद्धतीवर उभा आहे. त्यामुळे खेड्याच्या दृष्टीने झगमगीत रोबोटपेक्षा धुळीत, चाळीसच्या पुढच्या उन्हात आणि कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजमध्ये चालणारं ईसीजी यंत्र हा मोठा शोध ठरू शकतो.

आणि काही गोष्टींना यंत्र लागतच नाही.

• छातीत दाब, घाम, हात किंवा जबड्यात कळ, दम लागणं, यांपैकी काही असेल तर ओव्याची वाट पाहू नका. १०८ वर फोन करा. बायका आणि मधुमेह असलेल्यांमध्ये छातीत न दुखताही अटॅक येऊ शकतो.

• माणूस कोसळला, हाक मारून ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायला सुरुवात करा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबू नका. दमलात तर दुसऱ्याला बसवा.

• गावातल्या किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात ईसीजी यंत्र आणि डिफिब्रिलेटर आहे का, चालू आहे का, ते वापरता कुणाला येतं, हे ग्रामसभेत विचारा. हा प्रश्न विचारायला डॉक्टर असावं लागत नाही.

१९२९ मध्ये शिरेतून सरकवलेली नळी, स्वयंपाकघरात बनलेला फुगा, तीनदा हरलेली झडप आणि हँडल फिरवून चालणारं यंत्र, हे सगळं शेवटी त्या रात्री अकराच्या कळेसाठीच आहे. मधला रस्ता अजूनही तेवढाच लांब आहे. तो कमी करायचा, तर ‘गॅस असेल’ म्हणत वाया जाणारा पहिला अर्धा तास आपण आजपासूनच वाचवू शकतो.